आड : एक शब्द, दोन कुळें

माणसांप्रमाणें शब्दांनाहि कुळ असतें, आणि एकाच नांवाचीं दोन माणसें पुष्कळदां अगदीं निराळ्या घराण्यांतलीं निघतात. आमच्या बीड जिल्ह्यांत घरोघर बोलला जाणारा ‘आड’ हा असाच एक जुना शब्द आहे.

वर्गांत ‘इकडे आड, तिकडे विहीर’ ही म्हण निघाली असतां आम्हीं मुलांस आडाचा अर्थ विचारला. बहुतेकांनीं ‘आडोसा’ असें सांगितलें. अर्थ येथें लागू नव्हता, परंतु तो निराधारहि नव्हता.

आडोशांतील ‘आड’ म्हणजे अडथळा. प्राकृतांत ‘अड्ड’ म्हणजे आडवें येणारें. कामाच्या आड येणें, झाडाआड लपणें, हे प्रयोग त्यांतलेच. जें मध्यें येतें तें पलीकडचें झांकतें; म्हणून नजरेबाहेरची ती आडवाट, तेंच आडरान. मुख्य नांवाच्या बाजूस बसलें तें आडनांव. आणि एक दिवस मध्यें टाकून नळाला पाणी आलें, तर तें ‘दिवसाआड’ आलें.

पाण्याचा आड मात्र दुसऱ्या कुळांतला. संस्कृतांत ‘अवट’ म्हणजे खड्डा किंवा विहीर. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत नोंदविलें आहे कीं, यांतील ‘व’ लोपून ‘अड’ असेंहि रूप होतें. त्याचाच आपला आड झाला. हा अरुंद तोंडाचा आणि खोल. मोट चालावी एवढी रुंदी याला नाहीं, कीं बारवेसारख्या पायऱ्या नाहींत. दोर-पोहरा घेऊन वाकावें आणि मनगटाच्या बळानें पाणी ओढावें. ‘आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?’ असें प्रथम जो म्हणाला, त्यानें रिकामा पोहरा वर येतांना पाहिला असला पाहिजे.

बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकांतली. ती बांधविणाऱ्या सलाबतखानाचें नांव इतिहासांत राहिलें. वाड्यांतले व गल्लींतले आड कोणी खणले, हें कोणी लिहून ठेवलें नाहीं. सन १९७२ च्या दुष्काळानंतर कूपनलिका वाढल्या, घरोघर नळ आले. पाणी खोल गेलें, पुष्कळ आड आटले आणि कित्येक केरकचऱ्यानें बुजले. त्यामुळें आजच्या मुलांस दिवसाआडचा आड कळतो, पाण्याचा आड कळत नाहीं!

विद्यार्थिमित्रांनो, या सुटींत आजी-आजोबांस विचारा, आपल्या गल्लींतला आड कोठें होता, आणि त्याचें पाणी कोणकोण भरीत असे. आडगांव नांवाचें गांव आढळलें, तर तें आडामुळें कीं आडबाजूस असल्यामुळें, हेंहि तेथील वृद्धांकडून समजून घ्या. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, अंगणांत जुना आड असेल तर तो बुजवूं नये. त्यांतला गाळ काढवावा, तोंडावर मजबूत जाळी बसवावी आणि पावसाचें स्वच्छ पाणी त्यांत मुरूं द्यावें. पाणी राहिलें तर शब्दहि राहील.