पुन्हा इन्स्टॉल मारू नका

कन्हानमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचं म्हणजे निम्मं काम ब्लोअर मारण्याचं. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, गोंडेगाव, इंदर, कामठी या खुल्या खाणी जवळच, रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची ये-जा. कॅबिनेट उघडलं की पंख्याच्या पात्यांवर काळा थर. गिऱ्हाइकाला तो दाखवला की पैसे मागायला संकोच वाटत नाही. तारसा रोडकडच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातून सर्व्हर बंद पडल्याचा फोन आला, तेव्हाही मी ब्लोअर घेऊनच निघालो होतो.

सर्व्हर म्हणजे टेबलाखालचा असेम्बल केलेला डबा. त्यावर डेबियन १०, एक टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि सांबावरून ऑफिसातल्या पीसींना दिसणारं एक फोल्डर. त्यात टॅली, काटा चिठ्ठ्यांच्या एक्सेल फायली, ट्रकांच्या कागदांचे स्कॅन. डेबियन १० चे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ ला संपले, म्हणून बाहेरून बोलावलेल्या एका मुलाने डेबियन १२ टाकायला घेतलं. १० वरून थेट १२ वर जाता येत नाही, मधे ११ ची पायरी घ्यावी लागते. त्यापेक्षा कोरं इन्स्टॉलेशन बरं, असा त्याचा विचार. बॅकअप घेतला होता म्हणाला. घेतलाही होता, पण सेटिंगच्या फायलींचा.

इन्स्टॉलरला त्याने संपूर्ण डिस्क देऊन टाकली. फायली उतरत असताना लाईट गेली. इन्व्हर्टर लागला, पण इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असा एक खटका असतो, तो नॉर्मलवर होता. त्यावर लाईट बदलताना पडणाऱ्या क्षणभराच्या खंडाचं पंख्याला आणि ट्यूबलाईटला काही वाटत नाही. कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. झाला, आणि काळ्या स्क्रीनवर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच उरलं.

मी पोचलो तेव्हा तो मुलगा निघून गेला होता आणि ऑफिसच्या मुन्शीजींच्या हातात इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह होता. "काहो भाऊ, तो म्हणे पुन्हा एकदा इन्स्टॉल मारा, होऊन जाते. मारू का?" या धंद्यात डेटाचे जितके खून झाले असतील, त्यातले बरेच या दुसऱ्या इन्स्टॉलने झालेत असं माझं मत आहे. पहिल्यांदा काय वाचलंय ते बघायच्या आधीच माणूस त्यावर दुसरा थर चढवतो. मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला, मेन वायर काढली आणि डिस्क बाहेर घेतली. शेठ फोनवर एकच विचारत होते, अकरा तारखेच्या आत होईल का? जीएसटीआर-१ ची तारीख.

फॉर्मॅट झालं म्हणजे सगळं पुसलं, हा समज काही जात नाही. तलाठ्याने नकाशा नवा काढला म्हणून शेतातलं पीक उपटलं जात नाही. नवी ईएक्सटी४ फाइल सिस्टिम आपल्या नोंदींपुरती जागा लिहिते, बाकीचे ब्लॉक जुन्या मजकुरासह तसेच राहतात. इथे फिरती डिस्क होती म्हणून हे बोलता येतं. एसएसडी असती तर फॉर्मॅटच्या आज्ञेनेच बहुधा सगळे ब्लॉक रिकामे जाहीर झाले असते, आणि मग कुणाच्या बापाला काही निघालं नसतं. जुनी डिस्क बदला म्हणून मीच मागे त्यांच्या पाठी लागलो होतो. शेठनी पैसे वाचवले, त्यात डेटा वाचला.

कामठीपलीकडे ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत बसने, तिथून मेट्रोने नागपूरची बर्डी, आणि चार टीबीची डिस्क घेऊन परत. मग जीएनयू डीडीरेस्क्यूने जुन्या डिस्कची ब्लॉक-न्-ब्लॉक नक्कल काढायला लावली. हे काम रात्रभराचं. मध्यरात्री दुकानातली लाईट गेलीच. पण डीडीरेस्क्यू कुठवर वाचलं याची नोंद वेगळ्या मॅपफाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे लाईट आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली की पुढून सुरू. सकाळी त्या नकलेची आणखी एक नक्कल केली, कारण यापुढची हत्यारं दुरुस्ती करता करता लिहितातही.

हरवलेल्या पार्टिशन शोधणाऱ्या टेस्टडिस्कने पहिल्या शोधात फक्त नवी पार्टिशन दाखवली. 'डीपर सर्च' लावल्यावर जुनी डेटाची पार्टिशन यादीत आली. मात्र तिचा मुख्य सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टिमची मूळ नोंद, खराब होता. ईएक्सटी४ त्याच्या नकला ठरलेल्या जागी राखून ठेवते. चार केबीच्या ब्लॉकवर पहिली नक्कल ३२७६८ व्या ब्लॉकला. तो आकडा देऊन ई२एफएससीके चालवला, तर स्क्रीनभर दुरुस्त्यांची रीघ. संपल्यावर माउंट केलं. एक्सेलच्या फायली जागेवर होत्या. टॅलीचं फोल्डर नव्हतं.

ते 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये सापडलं. तिथे नावं नसतात, हॅशच्या खुणेपुढे नुसते आकडे. असं एक एक फोल्डर उघडत गेलो. एकात चहाच्या दुकानाच्या पावतीचा फोटो, एकात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका (ऑफिसच्या सर्व्हरवर काय काय असतं ते विचारू नये). मग एकात 'मॅनेजर.९००' आणि 'ट्रॅनएमजीआर.९००' दिसलं. फोल्डरचं नाव हरवलं तरी आतल्या फायलींची नावं राहतात, आणि ९०० शेपटी लावणारं टॅलीशिवाय दुसरं कोण? ते फोल्डर वेगळ्या पीसीवर नेलं, टॅलीची डेटा-दुरुस्ती म्हणजे रिराईट चालवलं, कंपनी उघडली.

उघडली म्हणजे बरोबर आहे असं नव्हे. इथे मुन्शीजी कामाला आले. काटा चिठ्ठ्या ते तारेत ओवून ठेवतात, महिन्याची एक तार. जूनची तार खाली उतरवली. ते ट्रक नंबर, ग्रॉस, टेअर, नेट वाचत गेले, मी स्क्रीनवर जुळवत गेलो. त्यांची बोटं चिठ्ठीगणिक काळी होत होती. शेवटच्या दोन दिवसांच्या काही ट्रिपा टॅलीत नव्हत्या. त्या भरायच्याच राहिल्या होत्या की डिस्कवर गेल्या, हे मला सांगता येईना. मुन्शीजींनी टॅली भरणाऱ्या ऑपरेटरकडे पाहिलं, ऑपरेटरने छताकडे. पुन्हा भरल्या. रिटर्न तारखेत गेलं.

आता नव्या मशीनमध्ये दोन डिस्का आरएआयडी १ वर आहेत, रात्री आरसिंक शेठच्या घरच्या पीसीवर एक प्रत टाकतो, आणि इन्व्हर्टरचा खटका यूपीएसवर करून त्यावर टेप मारली आहे. जुनी डिस्क तशीच, न लिहिता, तिजोरीत. बिल बघून शेठ म्हणाले, "डिस्क तो हमारेही पास है, फिर इतना कायका?" डिस्कचे पैसे सोडून बाकीचं घासाघीस करून निम्म्यावर आणलं.

ट्रकांच्या कागदांचे स्कॅन मात्र बरेचसे उघडत नाहीत. ईएक्सटी४ आपलं जर्नल पार्टिशनच्या साधारण मध्यावर मांडते, आणि नव्या जर्नलने तिथेच जागा घेतली. आरसी, फिटनेस, विमा, सगळं पुन्हा स्कॅन करायचं म्हणून ड्रायव्हरांना निरोप गेले. अर्ध्यांचे कागद मालकांकडे, आणि मालक फोन उचलत नाहीत. ते काम मुन्शीजी अजून करताहेत.