हंगाम आणि हप्ता

ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम बँक खात्यातून आपोआप म्युच्युअल फंडात जमा होण्याच्या सोयीला एसआयपी म्हणतात. पोस्टातील आवर्ती ठेवीसारखाच हा महिन्याचा हप्ता. पण ठेवीचा व्याजदर आधी ठरलेला असतो, फंडाचा परतावा बाजारावर अवलंबून असतो. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगाव येथे प्रस्तुत लेखकाने मोबाइल अ‍ॅपवरून दरमहा 500 रुपयांची एसआयपी सुरू केली. त्या पहिल्या वर्षाचा अनुभव येथे मांडला आहे.

खाते उघडण्यासाठी पॅन, बँक खाते आणि आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक लागतो. ओटीपी, चेहऱ्याचा फोटो आणि कोऱ्या कागदावरची सही दिली की केवायसी होते. मात्र पॅन आणि आधारवरचे नाव जुळावे लागते. एका कार्डावर वडिलांचे नाव होते, दुसऱ्यावर नव्हते, एवढ्यावरून लेखकाचा अर्ज अडला. दुरुस्तीत पंधरा दिवस गेले.

नवख्यासाठी इंडेक्स फंड समजायला सोपा असतो. निफ्टी 50 वर आधारलेला फंड त्या निर्देशांकातील 50 कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेतो. शेअर निवडण्याचे काम नसल्याने खर्च कमी राहतो. यादीत एकच योजना दोनदा दिसते. ‘रेग्युलर’ प्रकारात वितरकाचे कमिशन धरलेले असते; ‘डायरेक्ट’मध्ये ते नसते. हा दुसरा प्रकार 1 जानेवारी 2013 पासून उपलब्ध आहे. योजनेशेजारच्या जोखीममापकावर सहा पायऱ्या असतात. इंडेक्स फंडाचा काटा सर्वांत वरच्या, ‘अतिशय जास्त’ या पायरीवर होता.

यूपीआय ऑटोपेला एकदा मंजुरी दिली की पुढे दर महिन्याला पिन टाकावा लागत नाही. पैसे कापण्याच्या आदल्या दिवशी सूचना येते. पहिल्या विवरणात 500 ऐवजी 499.98 रुपये गुंतवल्याचे दिसले. उरलेले दोन पैसे मुद्रांक शुल्काचे; त्याचा दर 0.005 टक्के असून ते 1 जुलै 2020 पासून लागू आहे. रकमेला त्या दिवशीच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या किमतीने, भागले की मिळालेले युनिट निघतात. एनएव्ही 125 रुपये असताना 500 रुपयांत सुमारे 4 युनिट येतात, 100 वर उतरली तर 5. बाजार पडल्यावर तोच हप्ता जास्त युनिट आणतो, तो असा.

अडचण आली जूनमध्ये. बी-बियाणे आणि खतात खाते रिकामे झाले आणि हप्ता परत गेला. फंडाने दंड लावला नाही, पण खात्यात शिल्लक नसल्याबद्दल बँकेने शुल्क कापले. जुलैतही तेच झाले. मासिक हप्ता सलग तीनदा चुकला तर एसआयपी बंद होते. आधीचे युनिट मात्र राहतात. यात अ‍ॅपची चूक नव्हती. दरमहा हप्त्याची रचना पगारदाराला सोयीची आहे. पुसेगावच्या शिवारात पैसा दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचा आणि उन्हाळ्यात हळदीचा येतो. मधले महिने खर्चाचे असतात.

यावर उपाय एसटीपीचा. सोयाबीनची पट्टी आल्यावर गुंतवायची रक्कम एकदाच लिक्विड फंडात ठेवायची आणि तेथून दरमहा ठरलेला भाग त्याच फंड कंपनीच्या इंडेक्स फंडात वळवायचा. लिक्विड फंड 91 दिवसांपर्यंतच्या मुदतीच्या सरकारी आणि बँकांच्या रोख्यांत पैसा ठेवतो, त्यामुळे त्यात चढउतार थोडा असतो. हप्ता बँक खात्यातून जात नसल्याने तो परत जाण्याचा प्रश्न उरत नाही. प्रत्येक वळती ही लिक्विड फंडाची विक्री धरली जाते आणि तिच्यावरचा नफा करासाठी मोजावा लागतो, एवढे ध्यानात ठेवावे.

लिक्विड फंडातून काढलेले पैसे साधारणपणे दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात येतात, इंडेक्स फंडातले त्यानंतरच्या दिवशी. इंडेक्स फंडात पैसे लवकर मिळतात, पण भाव आपल्या सोयीचा असेलच असे नाही. म्हणून पुढच्या पेरणीला लागणारी रक्कम त्यात घालू नये.