धुरीवाड्यातलं बिऱ्हाड

मालवण किनाऱ्यावर शाळा आणि पाऊस जवळपास एकदमच सुरू होतात. सात जूनला मिरग लागतो, त्याच सुमाराला शाळेची पहिली घंटा. तळाशीलला आमच्या घराच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी. सर्जेकोटला उतरायचं तर होडी हवी, आणि गड नदीचं तांबडं पाणी खाडीत उतरलं की तारी होडी वर ओढून ठेवायचा. तोंडवळी-आचऱ्यावरून रस्त्याने यायचं म्हणजे लांबचा वळसा, त्यात पावसात एसटीचा भरवसा नाही. सातवी झालेल्या मुलाला हायस्कूलला घालायचं तर घरातलं कुणीतरी मालवणला जाऊन राहिलं पाहिजे, हे आमच्या मोठ्यांनी १९७०च्या आसपास ओळखलं आणि धुरीवाड्यात एका घराची पडवी भाड्याने घेतली.

निर्णय आजीचा होता. आजोबा घर अर्धं रिकामं होणार म्हणून कष्टी झाले, तेव्हा ती म्हणाली, "घर खंय पळान जातला? पोरांची वर्सां मात्र जातली."

मुंबईचा पर्याय होताच. आमचे दोन काका लालबाग-परळच्या गिरण्यांत होते. पण तिथे ते गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपत. एकाची रात्रपाळी सुटली की दुसऱ्याची वळकटी गुंडाळली जायची. तिथे मुलांनी अभ्यास कुठे करायचा? म्हणून दोन्ही काका मुंबईत, आजी-आजोबा आणि शेती गावात, रापणीवर जाणारे आमचे वडील किनाऱ्यावर आणि शिकणारी सगळी चुलत भावंडं मालवणात, असं एकच घर तीन ठिकाणी नांदू लागलं. कोकणातल्या कितीतरी घरांची हीच मांडणी होती. तिचा सगळा भार बायकांनी उचलला आणि त्याची नोंद कुठेही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शाळा कुठली यावर घरात पुष्कळ खल झाला. टोपीवाला की भंडारी? दोन्ही शाळांचं नाव होतं, दोन्हीकडे गावची मुलं होती. आजोबांनी बाजारात, बंदरावर, देवळात चौकशी केली. इमारत कशी, निकाल किती टक्के, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांचा प्रश्न एकच: मास्तर मालवणात राहतात की शनिवार आला की आपल्या गावाला जातात? शेवटी शेजारच्यांची मुलं जिथे जात तिथेच आमचीही नावं घातली गेली, कारण पावसात सोबत हवी.

पडवीत आमच्याबरोबर राहिली ती मधली काकी. ती स्वतः चौथी शिकलेली. सकाळी चुलीवर उकड्या तांदळाची पेज, बरोबर भाजलेला सुका बांगडा नाहीतर खारातली कैरी. जळण म्हणजे गावाहून आणलेली सोडणं आणि चुडतं. संध्याकाळी दिवा लागला की ती प्रत्येकाला मोठ्याने वाचायला लावायची. बीजगणितातलं तिला काही कळत नसे, पण आवाज कुठे अडखळतो, कुठे ओळ गाळली जाते, कोण पाठ केलेलं वाचल्यासारखं म्हणतो, हे तिला भाकरी थापता थापता नेमकं समजायचं. "परत वाच," एवढंच म्हणायची. माझं इंग्रजी सुधारलं ते या "परत वाच"मुळे. तिला त्यातला एक शब्दही येत नव्हता.

पैशाचं गणित मात्र अवघड होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळ सोडला जाई, त्यानंतर हळूहळू दर्या खुला होई. वह्या-पुस्तकांचा, गणवेशाचा खर्च मात्र जूनमध्येच. ही खिंड मुंबईची मनीऑर्डर लढवायची. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डर थांबली. त्या जूनमध्ये बिऱ्हाड मोडणार अशी चर्चा गावातल्या घरी झाली. दोन्ही काका परत आले होते, पडवीत बसून गप्प असत. काकीने कुणाला न विचारता मार्ग काढला. एकटे राहणारे दोन शिक्षक जेवणासाठी घर शोधत होते, त्यांना तिने आमच्याकडे जेवायला घातलं. भाडं सुटलं. शिवाय रोज रात्री सर समोर पाटावर बसून आमटी-भात जेवत असताना गृहपाठ राहिला असं सांगायची आमची प्राज्ञा नव्हती. आमच्यातल्या धाकट्यांचे सर्वांत चांगले निकाल संपानंतरच्याच वर्षांतले आहेत.

आम्हा मुलींसाठी तर ही पडवी म्हणजे सर्वस्व. होडीने रोज ये-जा करायची असती तर आठवीनंतर आम्हाला कुणी पाठवलं नसतं. घरातली बाई सोबत होती म्हणून आम्ही मॅट्रिक झालो. पुढे माझी एक बहीण मालवणच्याच स. का. पाटील महाविद्यालयात शिकली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. काकीने तारीच्या दोन मुलींनाही तिथेच ठेवून घेतलं, त्यांच्या जेवणाचे पैसे कधी घेतले नाहीत.

आमच्यातल्या थोरल्यांनी तिसरीच्या भूगोलात रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा काढला. १ मे १९८१ला जिल्हा वेगळा झाला आणि धाकट्यांच्या वहीत सिंधुदुर्ग आला. आता आमची मुलं संसाराला लागलीत, आणि तीही शाळा बघूनच घर घेतात: कुडाळ, कणकवली, ओरोस, नाहीतर थेट पुणे. कोकण विभागीय मंडळ झाल्यापासून दहावीच्या निकालात कोकण सतत राज्यात पहिलं आहे. २०२४ला तर ९९.०१ टक्के. आणि तरीही वाडीवाडीवरच्या शाळांचा पट घसरतोय. २००१ आणि २०११च्या जनगणनांच्या मधल्या काळात या जिल्ह्याची लोकसंख्याच कमी झाली, ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. मुलं गेली की शाळेचा पट कमी होतो, पट कमी झाला की उरलेले आईबापही निघतात. आमचं बिऱ्हाड वेगळं होतं असं मी मानते. शनिवारी होडी मिळाली की आम्ही घरी असायचो, भातलावणीला सुट्टी घेऊन चिखलात उतरायचो, गावचं घर कधी बंद झालं नाही. पण पुढची वाट आम्हीच दाखवली, हेही खरं.

यंदा माझ्या चुलतभावाचा मुलगा घरून काम करता येतं म्हणून बायकोसह तळाशीलला राहायला आलाय. मुलीला गावातल्याच मराठी शाळेत पहिलीला घालायचं म्हणतो. घरातल्या ग्रुपवर रोज वाद चालू आहे. दोघे भाऊ म्हणतात, पोरीचं नुकसान करू नकोस, मालवणात फ्लॅट बघ. शिक्षिका असलेली बहीण म्हणते, वर्गात मुलं थोडी असली तर बाई प्रत्येकाकडे बघतात, आधी शाळेत जाऊन तास दोन तास बस आणि मग ठरव. मी तिच्या बाजूने आहे. काकी आता ऐंशी ओलांडून गेली आहे. तिला फोनवर विचारलं तर तिचाही प्रश्न आजोबांचाच: "बाई गावात रवता मां?"