चार कलमांचा म्हातारा

अंगाने किडकिडीत. मूळची कलमं चारच. जन्म 4 फेब्रुवारी 1897, कलकत्त्यात. कारण मात्र मुंबईचा प्लेग. विधेयक मांडलं आणि आठवडाभरात मंजूर. हाच तो साथरोग कायदा. घाई इतकी, की धोकादायक साथ कशाला म्हणायचं याची व्याख्या करायचंही राहून गेलं. ती आजवर झालेली नाही.

स्वभाव हुकमी. आगगाडीतला प्रवासी तपासा, बोट अडवा, माणसाला वेगळं ठेवा. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी घराघरांत शिरून जो धुडगूस घातला तो याच्याच जोरावर. 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली. म्हाताऱ्याच्या हाताखालचे मात्र सुरक्षित. चौथं कलमच सांगतं, की सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल कुणावर दावा चालायचा नाही.

पण त्याला खरं ओळखायचं तर दुसऱ्या कलमातला एक कंस वाचावा. साथ रोखायचा खर्च कोणी सोसायचा ते सरकार ठरवील, आणि कंसात: भरपाई धरून, असलीच तर. दिवाणी वकील या 'असलीच तर'पाशी डोकं धरून बसतो. हक्काने मागावं असं तिथे काही नाही.

रत्नागिरीकरांना तो भेटला 2020 मध्ये, करोनाच्या साथीत. कशेडी घाटात चाकरमान्यांचे पास बघत होता, त्यांना गावच्या शाळेत चौदा दिवस बसवत होता. (एकटा नव्हता म्हणा, 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा सोबतीला होता.) गणपतीच्या भिडेने चौदाचे दहा झाले. रोजगार बुडालेल्याचं काय, हा विषय त्याने काढला नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये वटहुकमाने त्याला नवे दात बसवले. आरोग्य कर्मचाऱ्याला गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद. दवाखान्याची मोडतोड केली तर दोषीकडून बाजारभावाच्या दुप्पट भरपाई. योग्यच झालं. म्हणजे भरपाईचा हिशेब कायद्यात लिहिता येतो तर! तो कंस मात्र कुणी हलवला नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये विधी आयोगाने 286 व्या अहवालात या कायद्यातल्या उणिवा दाखवून एक तर तो दुरुस्त करा, नाहीतर नवा आणा, असं सुचवलं. नवा मसुदा येईल तेव्हा आपल्याकडच्या वकिलांनी आणि ग्रामपंचायतींनी शिक्षेच्या आधी भरपाईचं कलम वाचावं, आणि हरकत तिथेच नोंदवावी.