काठी आधी द्यावी



पीक बुडाले तर आपण पावसाला, बियाण्याला, बाजाराला बोल लावतो. चित्र फसले तर चित्रकार बोल लावतो तो स्वतःलाच. शेतीचा सल्ला देत गावोगाव हिंडलेल्या मला ही गोष्ट फार उशिरा कळली.

माझा पुतण्या २०२१ साली चित्रकला शिकायला मुंबईस गेला. दुसऱ्या वर्षी दिवाळीला आला तो खंगून. तिथे प्रत्येकाचे काम वर्गापुढे मांडतात आणि सर्वजण उणे काढतात. शिकवण्याची ती रीतच आहे. पण पोराला वाटे, चित्राला नव्हे, मलाच नापास केले. झोप उडाली, जेवण एका वेळेवर आले. आणि आम्ही घरचे विचारत होतो, "याने पोट भरेल का रे?" तो एवढेच म्हणाला, "काका, हातच चालत नाही आता." मी मनातून घाबरलो.

सुदैवाने तिथल्या एका वयस्क चित्रकाराने त्याला जवळ केले. दर शनिवारी भेट. आधी चित्राचा विषयच नाही. झोप किती, जेवलास कुणाबरोबर, खिशात किती, एवढीच चौकशी. झोप येईना म्हणून स्वतः डॉक्टरांकडे नेले. मग नेम घालून दिला, रोज तासभर असे चित्र काढायचे, जे कुणाला दाखवायचे नाही. चार महिन्यांनी हात पुन्हा चालू लागला. आज तो पुस्तकांसाठी चित्रे काढतो. महिनाभर काम, मग पैशाची वाट पाहणे.

वाट पाहणे आपल्याला का नवे आहे? २०१८ च्या दुष्काळात उभी तूर वाळली, ते वर्ष कसे काढले हे माझ्या भावाने लेकाला आत्ता प्रथमच सांगितले. त्या रात्री बापलेक खूप वेळ बोलत बसले.

तुमच्याही घरात गाणारे, नाटक करणारे, चित्र काढणारे लेकरू असेल. फोनवर कमाईआधी जेवणाचे विचारा. त्याच्याच कलेतला एखादा भला वडीलधारा माणूस गाठून द्या. फारच उदास वाटले तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तिथे मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत.

टोमॅटोला काठी आपण झाड लवंडल्यावर देत नाही, फळ धरण्याआधीच देतो. लेकराच्या बाबतीत एवढेच ध्यानात ठेवा.