परीक्षेच्या निमित्ताने नागसेनवनात

३ मे २०२५ च्या सकाळी आम्ही तिघे सेलूच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभे होतो. आमच्या वस्तीतील एक मुलगी, तिचे वडील आणि आम्ही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी दुपारी, देशभर नीटची परीक्षा होती. तिचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आले होते. मुकुंदवाडीला तिच्या मामाचे घर असल्यामुळे फॉर्म भरताना तिने तेच शहर पहिल्या पसंतीचे लिहिले होते. वडील गवंडीकाम करतात. आदल्या आठवड्यात ते घरी येऊन म्हणाले, "भाऊ, तुम्ही सोबत चला. तिथं कागदं मागतेत, सह्या घेतेत. मला सिमेंटचा हिशेब येतो, ह्याचा येत नाही." आमची कचेरीची शनिवारची सुटी होतीच. निघालो.

गाडीत गर्दी होती. मुलीला खिडकीजवळ जागा मिळाली, वडील दाराशी उभे राहिले. सातोना गेले, परतूर गेले. मुलीने जीवशास्त्राचे पुस्तक उघडले होते. समोरच्या बाकावरील एका गृहस्थांनी विचारले, "एम.बी.बी.एस. करणार का?" ती म्हणाली, "नाही, बी.डी.एस." गृहस्थ जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे दाताचीच ना?"

हा 'दाताचीच' शब्द आम्ही दोन वर्षे ऐकत आलो आहोत. वस्तीतही हेच. वास्तविक दोन्हींसाठी परीक्षा एकच. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनशास्त्राचे सारखे सारखे. उत्तर बरोबर आले की चार गुण जमा, चुकले की एक गुण वजा, प्रश्न सोडून दिला तर काहीच नाही. चार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता झाली की मुलगी दंतवैद्य होते. एम.बी.बी.एस. हुकलेली मुले तिकडे वळतात, म्हणून लोक त्याला दुय्यम समजतात. या मुलीने मात्र पहिल्यापासून तेच मनात धरले होते, आणि त्याला कारण तिचा काका.

काका वीटभट्टीवर कामाला. गुटख्याची सवय. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते ते वस्तीतील शेंबडे पोरही सांगेल. हळूहळू काकाचे तोंड उघडेना. भाकरीचा घास जाईना, तिखट लागले की डोळ्यांत पाणी. सुपारी आणि तंबाखूने गालाची आतली कातडी घट्ट होत जाते, पुढे त्यातून कॅन्सरही होऊ शकतो, हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होते? संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात त्याला नेले तेव्हा ही नववीत होती, सोबत गेली होती. पांढऱ्या ॲप्रनमधील एका शिकाऊ मुलीने काकाचे तोंड तपासले, किती बोटे आत जातात ते मोजले आणि न रागावता समजावून सांगितले. घरी आल्यावर हिने आजीची मिश्रीची डबी लपवून ठेवली. आजीने दोन दिवस तिच्याशी बोलणे सोडले होते.

ही तिची दुसरी खेप. पहिली परीक्षा तिने ५ मे २०२४ रोजी दिली. त्या वर्षी पेपरफुटीचे प्रकरण गाजले, वाढीव गुण दिलेल्या १५६३ मुलांना फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द केली नाही. एकूणच त्या वर्षी गुणांचा पूर आला होता. हिचे गुण वाईट नव्हते, पण क्रमांक पाहिला तर कुठच्या कुठे. एक वर्ष शिकवणी लावली होती, त्याचे कर्ज अजून फिटले नव्हते. वडिलांनी स्पष्ट सांगितले होते, आणखी एकदा बस, त्यानंतर आमच्याने होणार नाही.

म्हणून ते दुसरे वर्ष तिने आमच्या बुद्धविहारात काढले. विहार म्हणजे पत्र्याचा एक मोठा हॉल, कोपऱ्यात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, एक ट्यूबलाइट. सायंकाळची वंदना झाली की रात्री साडेबारापर्यंत चावी तिच्याकडे. झोपायला तिची आजी तिथेच येई. एन.सी.ई.आर.टी.ची जुनी पुस्तके, मोबाइलवरची व्याख्याने आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका एवढीच सामग्री. परीक्षा मराठीतूनही देता येते, प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी अशी जोडीने छापलेली असते. पण तयारीची पुस्तके सारी इंग्रजीत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला पहिले सहा महिने शब्दांशीच झुंजण्यात गेले. शेवटी तिने इंग्रजीच घेतली.

आणि मग आला एप्रिल. वाचकांना सांगायला नको की एप्रिल म्हणजे आपल्या वस्तीत काय असते. जयंती मंडळाची बैठक विहारातच भरली. आम्ही विषय काढला की यंदा विहाराजवळ रात्री दहानंतर स्पीकर नको. पोरे उसळली. एक जण म्हणाला, "काका, जयंती वर्षातून एकदा येते." त्याचे चूक नव्हते. त्याचा बाप दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबतो, त्याचे स्वतःचे म्हणावे असे ते चार दिवस. भीमगीते आम्हालाही प्रिय आहेत, त्या गाण्यांवरच आम्ही मोठे झालो. दुसरा म्हणाला, "एका पोरीसाठी सगळी वस्ती गप बसवता का?" यावर आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते. तासभर भांडण झाले. शेवटी ठरले की १४ तारखेची मिरवणूक नेहमीसारखी निघेल, पण आधीचे कार्यक्रम गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतील. ठरले तसे झाले का? बहुतेक झाले. दोन रात्री मात्र स्पीकर विहारामागे वाजलाच. मुलीने कानात कापूस घातला. मिरवणुकीच्या दिवशी तिने पुस्तक मिटले आणि पांढरी साडी नेसून सर्वांत पुढे चालली. ज्या पोराने सर्वांत जास्त वाद घातला होता, त्यानेच जाण्याच्या आदल्या दिवशी तिच्या हातात वर्गणीतून उरलेले बाराशे रुपये ठेवले. परीक्षेची फी अनुसूचित जातीसाठी एक हजार होती, ती वडिलांनी आधीच भरली होती. हे पैसे प्रवासाला आले.

शहरात उतरलो तेव्हा ऊन चढले होते. शहराचे नाव २०२३ साली बदलले असले तरी स्टेशनवर तेव्हा औरंगाबाद हीच पाटी होती. मामांकडे जेवून मुलीला झोपायला सांगितले, पण ती म्हणाली, "काका, एकदा कॉलेज पाहून येऊ." घाटी दवाखान्याच्या परिसरात गेलो. शनिवारची दुपार, बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला. बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवून ती वडिलांना म्हणाली, "इथं बसलो होतो आम्ही, काकाला घेऊन." वडील त्या बाकावर जाऊन बसले. बांधकामाचा माणूस, भिंतीवरून हात फिरवून म्हणाले, "काम पक्कं आहे."

तेथून नागसेनवन जवळच. आम्ही चालतच गेलो. मराठवाडा १९४८ साली निजामाच्या राजवटीतून सुटला तेव्हा इकडच्या मुलांना पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. नाव मिलिंद, आणि परिसर नागसेनवन. ग्रीक राजा मिलिंद प्रश्नावर प्रश्न विचारीत गेला आणि भिक्खू नागसेन उत्तरे देत गेले, ती ही जोडी. आम्ही हे सारे मुलीला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ती ऐकून म्हणाली, "नागसेनांना निगेटिव्ह मार्किंग नव्हतं, काका." आम्ही खूप हसलो. दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

इमारती जुन्या झाल्या आहेत, काही ठिकाणी डागडुजी हवी. झाडे मात्र दाट आहेत. याच वसतिगृहांत राहून, एका वेळच्या जेवणावर शिकलेली आपली माणसे पुढे प्राध्यापक, न्यायाधीश, कवी झाली. वडिलांनी कोनशिला बोटाने अक्षर अक्षर लावीत वाचली. पुढे विद्यापीठाचे प्रवेशद्वारही पाहायचे होते. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारानंतर आम्ही ऐन विशीच्याही आतले, वडिलांच्या खांद्यामागून ते पाहिले होते. पण मुलीने घड्याळ दाखवले.

आणि बरे झाले परतलो. मामांकडे सर्व कागद पुन्हा तपासले तेव्हा आमचीच चूक उघड झाली. प्रवेशपत्रासोबतच्या नमुन्यावर पोस्टकार्ड आकाराचा फोटो चिकटवायचा असतो आणि आम्ही पासपोर्ट आकाराचेच फोटो आणले होते! कागद सांभाळण्यासाठी आलेला माणूस आणि हा घोटाळा. रात्री साडेआठला मुकुंदवाडीत फोटो स्टुडिओ शोधत फिरलो. तिसरा उघडा सापडला. मुलगी आम्हाला एका शब्दानेही बोलली नाही. तिच्या वडिलांनीच उलट आमची समजूत घातली.

रविवारी साडेअकरालाच केंद्रावर पोहोचलो. दीड वाजता फाटक बंद होते, नंतर आलेल्याला आत घेत नाहीत. अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात साधी चप्पल, पाण्याची पारदर्शक बाटली. पेनसुद्धा आतच मिळते. तपासणीत मुलांच्या मनगटांवरचे काळे-तांबडे धागे, गळ्यातले ताईत काढवत होते, कित्येक आया त्यावरून रडकुंडीला आल्या होत्या. आमच्या मुलीकडे धागादोरा नव्हता. गळ्यात बाबासाहेबांचे छोटे पदक होते, ते मात्र काढावे लागले. तिने ते वडिलांच्या हातात दिले, "जयभीम" म्हणाली आणि आत गेली.

पाच वाजेपर्यंत आम्ही समोरच्या लिंबाखाली. कन्नडकडचे एक शेतकरी होते, किराडपुऱ्यातील एक मुस्लिम भगिनी होत्या, त्यांनी बर्फाचे पाणी सर्वांना वाटले. गप्पा अखेर कागदपत्रांवर आल्या. जात वैधता प्रमाणपत्राचे तुमचे झाले का, असे दोघातिघांनी विचारले. आमचे झाले होते, पण कसे ते आम्हालाच ठाऊक. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. मुलीचे पणजोबा शाळेत गेलेच नव्हते. शेवटी त्यांच्या धाकट्या भावाचे नाव गावच्या शाळेच्या रजिस्टरात निघाले, तेही उर्दूत. निजामाचा काळ तो. भाषांतर करून घेतले, वंशावळ जोडली. एका कार्यालयात सात चकरा झाल्या. १९५६ नंतर आपल्या वाडवडिलांनी जी जात अंगावरून झटकून टाकली, तिचा शिक्का शोधण्यासाठी नातवंडांनी दप्तरे धुंडाळायची, हे करताना आमच्या मनाला फार लागते. पण सोडता येत नाही. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० साली मिळाल्या, त्यासाठी आपल्या माणसांनी चौतीस वर्षे मोर्चे काढले आहेत. अकरावीत मुले असलेल्या वाचकांनी हे काम आजच हाती घ्यावे, बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचा अर्जही समाजकल्याणच्या कार्यालयात चौकशी करून भरावा.

तिन्ही तास तिच्या वडिलांनी पदक मुठीत धरून ठेवले होते. चहा घेतानाही डाव्या हाताने घेतला.

पाचनंतर मुले बाहेर येऊ लागली. पुष्कळांचे डोळे लाल. त्या वर्षी भौतिकशास्त्र भलतेच अवघड निघाले, हे नंतर वर्तमानपत्रांतही आले. आमची मुलगी अगदी शेवटी आली. वडिलांनी विचारले नाही, आम्हीही नाही. तिनेच सांगितले, "फिजिक्सचे बावीस सोडून दिले. येत नव्हते ते रंगवले नाहीत." आम्ही आयुष्यभर जमाखर्च लिहीत आलो. बुडीत खाते ओळखून वेळीच सोडायला किती जड जाते, ते आम्ही जाणतो. जीवशास्त्र मात्र पूर्ण झाले होते.

रात्रीच्या गाडीत जागा मिळाली नाही. ती पिशवीवर बसून वडिलांच्या गुडघ्याला टेकून झोपली, ती सेलू येईपर्यंत. १२ मेच्या बुद्धपौर्णिमेला विहारात खीर तिनेच वाटली.

निकाल १४ जूनला लागला. प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत शासकीय दंत महाविद्यालयाच्या यादीत तिचे नाव आले. गाव मात्र नागपूर. वडिलांनी पहिला प्रश्न केला, "तिकडं मामा नाही, राहायचं कुठं?" महिला मंडळाच्या एका ताईंची बहीण तिकडे दिलेली आहे, तिचा नंबर शोधला. जाताना आजीने पत्र्याच्या पेटीत चटणी, चादर आणि लपवलेली ती मिश्रीची डबी ठेवली. म्हणाली, "ने माय, तूच ठेव."