मामांची मोटार

आमच्या मामांनी जन्मभर सायकल वापरली. इंदूरच्या एका कारखान्यात ते आरेखक होते. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी घरी पोहोचविण्यासाठी टॅक्सी आणली, तेव्हा हार, शाल आणि नारळ एवढे त्यांनी टॅक्सीत घालून पुढे पाठविले आणि स्वतः मागाहून सायकलवरून आले, असे मामी सांगतात. अशा माणसाच्या पश्चात त्याच्या कपाटात एक फेरारी निघावी, याचे आम्हा सर्वांना नवल वाटले.

फेरारी खरी, पण एकास चोवीस या प्रमाणातली प्रतिकृती. आणि तीही अपुरी. जपानहून मागविलेली ती पेटी मामींनी माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, “तुम्हा मासिकवाल्यांना दुसऱ्याचे अपुरे लिखाण पुरे करायची सवय असते. हेही तूच पुरे कर. मला ते असे अर्धे पडलेले बघवत नाही.” नाही म्हणणे शक्य नव्हते. पेटी मांडीवर घेऊन मी दिल्लीला परतलो, आणि पुढचे सात महिने माझे जेवणाचे टेबल माझे राहिले नाही.

मुलांच्या दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडखेळाशी या वस्तूचे नाते दूरचे आहे. पेटीत अनेक द्रव्यांचा मेळा असतो. गाडीची काया रेझिनची, साच्यात ओतलेली. इंजिन, आस, कमानी हे भाग पांढऱ्या मऊ मिश्रधातूचे. तुताऱ्यांसारखे गोल भाग लेथवर कातलेल्या ॲल्युमिनियमचे, टायर रबराचे, आकडे आणि चिन्हे पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ पापुद्र्यावर छापलेली. शिवाय पितळेचे केसाएवढे बारीक भाग एका पत्र्यावर कोरलेले येतात. हे कोरीव काम कसे करतात ते वाचून मला आपलेपणा वाटला. पत्र्यावर प्रकाशाने बदलणारा लेप द्यायचा, त्यावर चित्र उमटवायचे आणि उघडा राहिलेला धातू रसायनात विरघळवून टाकायचा. पूर्वी छापखान्यांत चित्रांचे जस्ताचे ठोकळे ज्या रीतीने करीत, ती हीच रीत.

मामांनी हीच गाडी का निवडली, याचे उत्तर पेटीतल्या वहीच्या पहिल्याच पानावर होते. फेरारी २५० जीटीओ ही १९६२ साली आलेली शर्यतीची मोटार. नावातला २५० हा आकडा एका सिलिंडरच्या घनफळाचा. बारा सिलिंडर मिळून २९५३ घन सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येकी सुमारे २४६. त्या वर्गात उतरण्यासाठी शंभर गाड्या बांधलेल्या असाव्यात असा आंतरराष्ट्रीय संघाचा नियम होता. फेरारीने ही जुन्याच गाडीची सुधारलेली आवृत्ती आहे असे सांगून मान्यता मिळविली आणि १९६२ ते १९६४ या काळात एकूण ३६ च गाड्या बांधल्या. १९६२ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ज्याँ गिशे आणि पिएर नोब्ले यांची जीटीओ सर्व गाड्यांत दुसरी आली. २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या लिलावात अशी एक गाडी ४ कोटी ८४ लक्ष डॉलरना गेली; पण मामांच्या वहीत किमतीचा उल्लेख नाही. तिथे आहे ती मापे. डाव्या रकान्यात खऱ्या गाडीचे माप, उजव्या रकान्यात त्याला चोवीसने भागून आलेला आकडा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर २४०० मिलिमीटर. भागिले चोवीस, बरोबर १००. त्या शंभराभोवती मामांनी लाल पेन्सिलीने वर्तुळ काढले आहे. ज्याने पस्तीस वर्षे मापे काढली, त्याला हा निःशेष भागाकार पाहून काय आनंद झाला असेल!

मामांच्या हातून पुरे झालेले काम मी प्रथम पाहून घेतले. गाडीचा तळ, धुराड्याचे नळ आणि गिअरपेटी रंगवून झाली होती. इंजिनावर सहा जोडनळी कार्ब्युरेटर आणि त्यांच्या बारा तुताऱ्या ओळीत उभ्या होत्या. ठिणगीच्या तारा मात्र बारांपैकी आठच लागल्या होत्या. खऱ्या गाडीतली सात मिलिमीटरची तार इथे ०.३ मिलिमीटरची होते. पहिल्या सात तारा अशा की भिंगाखालीही खोट सापडू नये. आठवीच्या मुळाशी डिंकाचा थेंब साचला होता. शेवटच्या दोन वर्षांत मामांचा हात कापू लागला होता, हे आम्हाला ठाऊक होते. त्या आठव्या तारेपाशी मी पुष्कळ वेळ थांबलो. ती काढून नवी लावावी असे एकदा मनात आले. पण लावली नाही.

उरलेल्या चार तारा लावायला मला तीन रविवार लागले.

चाकांनी मात्र खरी परीक्षा घेतली. जीटीओला बोरानीची तारांच्या आऱ्यांची चाके होती. बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो, आरे असतात, वर धाव असते. हेही मूलतः तेच. फरक एवढाच की लाकडी आरा भार खालून उचलतो, आणि तारेचा आरा ताणून धरतो. पेटीत प्रत्येक चाकासाठी कोरीव पत्र्याच्या तीन चकत्या होत्या. प्रत्येक चकती आधी ज्योतीवर धरून मऊ करायची, मग साच्यावर ठेवून गोल काठीने दाबत तिला बशीचा आकार द्यायचा, आणि तिन्ही एकमेकींवर अशा बसवायच्या की आरे एकमेकांना छेदून जातील. जोर कमी पडला तर चकती चपटी राहते, अधिक पडला तर एखादा आरा मुरगळतो. सबंध चाकाचा व्यास सोळा मिलिमीटरांच्या आसपास. पहिले चाक मी चार वेळा उकलले. दुसरे दोन वेळा. तिसऱ्याच्या वेळी चिमट्यातून तुंबा उडाला तो डाळीच्या डब्यामागे मिळाला. चौथे पहिल्याच बैठकीत जमले, आणि तेव्हा मला मामांचा मनस्वी हेवा वाटला. कारण असे जमण्याचे सुख त्यांनी एकट्याने, कुणाला न सांगता, वर्षानुवर्षे घेतले होते.

या उद्योगात एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. लांबी-रुंदीला चोवीसने भागता येते. द्रव्याला भागता येत नाही. खऱ्या गाडीचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा धरला, तर प्रतिकृतीत तो मिलिमीटरच्या चोविसाव्या भागाएवढा हवा. रेझिन तितके पातळ ओतता येत नाही. मग दाराची, चाकामागच्या खिडक्यांची, नाकावरच्या तीन अर्धगोल छिद्रांची कड तेवढी आतून कानशीने घासून पातळ करायची, आणि उरलेला जाडपणा अंधारात सोडायचा. मूळ तंतोतंत उतरविणारा नव्हे, तर कुठे तडजोड केली हे कळू न देणारा कारागीर चांगला. भाषांतराच्या टेबलावर मी रोज हेच करतो. म्हणून असेल, मला वाटू लागले की हे काम मला कळते.

या समजुतीनेच मला दगा दिला.

गाडीची काया मामांनी लाल रंगविली होती. रंग ठिकठिकाणी संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत झाला होता, तो काढणे भागच होते. रंग उतरल्यावर दिसले की उजव्या बाजूचे मागचे मडगार्ड डाव्यापेक्षा किंचित उंच आहे. वर पुट्टीचा थर होता. मनात आठवी तार होतीच. हात कापला, पुट्टी जास्त बसली, आणि घासून सारखी करण्याइतके बळ राहिले नाही, असा मी निष्कर्ष काढला. पाण्यात बुडविलेला पॉलिशपेपर घेतला (रेझिनची कोरडी धूळ छातीला वाईट) आणि दोन संध्याकाळी घासून दोन्ही बाजू अगदी सारख्या केल्या. बोट फिरवून पाहिले. समाधान वाटले. संपादकाला असे समाधान अनेकदा वाटते.

रंगाची छटा मामांनी कुठे टिपून ठेविली आहे का, हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी वही उघडली. इतके महिने मी ती चाळली होती, वाचली नव्हती. शेवटून दुसऱ्या पानावर मागच्या भागाची रेखाकृती होती आणि शेजारी मामांच्या उभट अक्षरांत लिहिले होते: “उजवे मडगार्ड डाव्याहून थोडे उंच. फोटो ३ व ७ पाहणे. चूक नव्हे. पुट्टी भरून ०.५ वाढविले.” “चूक नव्हे” याखाली दोन रेघा होत्या.

अर्धा मिलिमीटर, म्हणजे खऱ्या गाडीत बारा.

जीटीओची काया मोदेना गावी सेर्जो स्कालियेत्ती यांच्या कारखान्यात हाताने ठोकून करीत. ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवायचा आणि हातोडीने त्याला वळण द्यायचे. कागदावरच्या आराखड्यापेक्षा डोळ्यांवर भिस्त अधिक. स्कालियेत्ती २०११ साली वारले. त्यांच्या हातच्या ३६ गाड्यांत दोन सर्वस्वी सारख्या नाहीत, असे जाणकार सांगतात. कुणाच्या चाकामागे हवेच्या दोन फटी, कुणाच्या तीन. मग एकाच गाडीच्या दोन बाजू तरी काटेकोर जुळाव्यात असा आग्रह कुणी धरावा? मामांनी एका विशिष्ट गाडीची छायाचित्रे जमविली होती, ती पाकिटात क्रमवार होती. मी भिंग घेऊन बसलो. तिसऱ्या छायाचित्रात तो उंचवटा मला दिसतो. सातव्यात आजही दिसत नाही. पण निर्णय माझा नव्हताच. ती गाडी मोदेनाच्या माणसाने घडविली, मामांनी ती वाचली, आणि माझ्याकडे फक्त शेवटची प्रत आली होती. लेखकाने जाणूनबुजून ठेवलेला शब्द मी मुद्रणदोष समजून सुधारला होता.

मामी पुढ्यात नव्हत्या हे बरे. त्यांना फोनवर सांगावे की न सांगावे, यात दोन दिवस गेले. सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “मग आता परत कर ना तसेच.”

परत करायचे तर मामांचे वळण हवे. नुसती अर्ध्या मिलिमीटरची उंची पुरेशी नव्हती. पेटीच्या तळाशी पुठ्ठ्याचे दोन कपटे होते. पेटी भरताना घातलेली रद्दी समजून मी ते तिथेच राहू दिले होते. उलटून पाहिले तर एकावर “डा” आणि दुसऱ्यावर “उ”. मडगार्डावर आडवे धरून वळण तपासण्याचे ते नमुने होते! “उ” चा पुठ्ठा लावला. खाली नखाच्या कडेएवढी फट दिसली. पुट्टीचे पातळ थर देत, प्रत्येक थर वाळू देत, घासत, पुन्हा पुठ्ठा लावत ती फट भरायला अकरा दिवस लागले.

तोवर पावसाळा आला. दमट हवेत लॅकरचा रंग मारला तर हवेतले बाष्प ओल्या थरावर बसते आणि रंगावर पांढरट साय धरते. हे मला पहिल्या हातानंतर कळले. पुढचे दोन महिने गाडी प्रायमरच्या करड्या रंगात टेबलावर उभी राहिली आणि आम्ही जमिनीवर पाने मांडून जेवलो. ऑक्टोबरात कोरडे वारे सुटल्यावर तीन दिवसांत लाल रंग बसला. आतल्या बैठकींना खऱ्या गाडीसारखे निळे कापड लावले. दर्शनी फळीवर एक बारीकशी गंमत आहे: या गाडीला वेग दाखविणारे घड्याळच नाही. इंजिन किती फेरे घेते ते कळले की चालकाचे भागत असे.

शेवटी पुढची काच बसविताना मी उतावीळपणे चटकन चिकटणारा डिंक वापरला. त्याची वाफ पारदर्शक भागावर पांढरी धरते हे सूचनापत्रात ठळक लिहिले होते. डाव्या कोपऱ्यात धुक्याचा एक पट्टा आला. घासून तो फिका झाला, गेला नाही. ती चूक माझी आहे. वहीत मामांच्या नोंदीखाली मी ती तारखेसह लिहून ठेविली.

दिवाळीत गाडी घेऊन इंदूरला गेलो. मामींनी चष्मा लावला, पदराला हात पुसले आणि ती अलगद उचलली. बॉनेट काढून इंजिन दाखवावे, तारा दाखवाव्यात, असे मी मनात योजले होते. पण बाजारात भांडे घेताना पाहावे तशी त्यांनी ती आधी उलटीच केली.

“अगबाई, खालूनही रंगविली आहे की!”

“ते मामांचे काम,” मी म्हटले. “मी खाली हात लावलेला नाही.”